हात पाठीमागे

माझ्या थोरल्या लेकीचं, शालनचं, लग्न झालं ते साल. वैशाखात अक्षता पडल्या आणि पाचव्या दिवशी मी कामावर हजर झालो. दारातल्या मांडवाचे वासे अजून उतरवले नव्हते, हातावरची हळद गेली नव्हती. शॉपमध्ये पाय टाकला तर बाबालाल मिस्त्री दारातल्या उजेडात उकिडवे बसलेले. त्यांच्यासमोर एका अनोळखी साहेबानं दोन डबे मांडले होते आणि तो काहीतरी समजावून सांगत होता.

"आला बघा आमचा सात्ताप्पा," मिस्त्री म्हणाले. "लेक उजवून आलाय. बस रं. पुण्याचं दामले सायब हैत हे. लोखंडाला लापशी लावाय आल्यात."

दामले साहेब तिशीच्या आतले, बाह्या दुमडलेल्या, बोलायला गोड. ते हसले. "लापशी नाही मिस्त्री. पॉलिमर."

"तेच ते. ताटात वाढायचं का लोखंडावर, एवढंच इचारलं मी."

आमचं शॉप म्हणजे कोल्हापुरात उद्यमनगरातला माणगावे अण्णांचा कारखाना. गावोगावची झिजलेली मशीनं आमच्याकडे दुरुस्तीला येत. ग्राइंडिंग मशीन घ्या. खाली ओतीव लोखंडाचा लांब बेड, त्याच्यावर टेबल, आणि ते टेबल दिवसभर पुढं-मागं सरकत राहतं. मध्ये तेल असलं तरी लोखंडावर लोखंड घासतंच. दहा-पंधरा वर्षांत दोन्ही झिजतात, टेबल डुलायला लागतं, माल तिरका निघतो. मग ते आमच्याकडे.

ही झीज हातानं काढायची आणि त्यात बाबालाल मिस्त्रींचा हात धरणारा माणूस सांगली-कोल्हापुरात नव्हता. जात शिकलगाराची, बाप-आजा तलवारी-कात्र्यांना धार लावणारे. मिस्त्री बेडला निळा रंग चोळत, टेबल वर ठेवून सरकवत आणि उचलत. टेबलाला जिथं निळा ठिपका उठला तिथं उंचवटा. तो उंचवटा स्क्रॅपर नावाच्या पात्यानं केसाहून बारीक खरवडायचा. परत निळा, परत ठिपके, परत खरवडणं. एका मशीनला दोन-दोन महिने जात. मी बारा वर्षांपासून त्यांचा जोडीदार.

एक गोष्ट शॉपमध्ये फक्त मला ठाऊक होती. गेली दोन वर्षं मिस्त्रींना ते निळे ठिपके दिसत नव्हते.

एक डोळा तरुणपणीच कण उडून गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत चालला होता. "काढून घ्या की मिस्त्री," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "एकच शिल्लक हाय. तो दुसऱ्याच्या हातात दिऊ?" मग आम्ही एक रीत बसवली होती. मी कापडानं टेबल पुसतोय असं दाखवून त्यांच्या कानाशी पुटपुटायचो, "डाव्या अंगाला दाट हैत. बोटभर पुढं मोकळं. मग तीन." आणि ते पातं बरोबर तिथं टेकवायचे. अण्णा माडीवरच्या ऑफिसच्या खिडकीतून बघत. त्यांना दिसायचं, मिस्त्री काम करतायत.

दोन वर्षं मी माझे डोळे आणि त्यांचे डोळे, दोन्ही वापरत होतो. घरी गेलो की भिंतीला टेकून बसायचो आणि भाकरी समोर आली तरी निळेच ठिपके दिसायचे.

दामले साहेबांनी त्या दिवशी सगळं समजावलं. डब्यातलं द्रव्य खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं घट्ट. दुसऱ्या डब्यातलं त्यात कालवायचं. टेबल पालथं घालून त्याच्या बुडाला ते थापायचं, मग टेबल सुलटं करून बेडवर अलगद उतरवायचं. रात्रभरात ते दगडासारखं होतं आणि खालच्या बेडचा आकार जसाच्या तसा उचलतं. खरवडणं नाही, ठिपके नाहीत. शिवाय लोखंड लोखंडाला लागतच नाही, म्हणून झीज नावाला. तेल एखाद्या दिवशी कमी पडलं तरी टेबल अडकत नाही.

मिस्त्रींनी नमुन्याचा ठोकळा मागून घेतला. बुडाला हिरवट काळा थर. आमच्या सपाट प्लेटवर ठेवून त्यांनी तो एका बोटानं ढकलला. ठोकळा निघाला तो पार कडेपर्यंत गेला. मिस्त्रींनी तो परत आणून परत ढकलला. चार-पाच वेळा.

"ह्ये खालच्या बेडला चिकटत न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"बेडला आधी मेण लावायचं. पातळ, दोन हात. मेण आहे तोवर चिकटत नाही."

"आणि मेण नसलं तर?"

"तर मिस्त्री, देव खाली आला तरी सुटायचं नाही."

मिस्त्री मान हलवत राहिले. माडीच्या खिडकीतून अण्णांनी हाक मारली, "काय मिस्त्री, पटतंय का? का जुनंच बरं?"

"बघू की अण्णा. आधी लावू, मग शिव्या घालू."

सगळे हसले. शॉपमधल्या प्रत्येकाला वाटत होतं की म्हातारा आतून जळतोय. हे औषध चाललं तर ह्याला कोण विचारणार? मलाही तसंच वाटलं. दुपारी आम्ही करंजाच्या झाडाखाली डबे उघडले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"सात्ताप्पा, ह्याला डोळं लागत न्हाईत."

"म्हंजी?" मी विचारलं.

"हात लागतो. साफ करायचं, थापायचं, उतरवायचं. समदं हाताचं काम. डोळ्याचं काम ती लापशीच करत्या. आजून पाच वर्सं निघतील माझी."

"आणि न्हाई निघाली तर? घरी बसावं की आता. लेक बोलवत्या म्हणं मिरजेला."

"मिरजेला जाऊन काय करू? भिंतीला हात लावून बघत बसू सरळ हाय का?" आणि ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले ते.

दोन दिवस आम्ही टेबल घासून खरखरीत केलं, धुतलं, वाळवलं. बेड आम्ही गेल्या महिन्यातच सरळ करून ठेवला होता. दामले साहेबांनी कामाच्या नऊ पायऱ्या कागदावर लिहून दिल्या. तो कागद आमच्या दोघांच्या काय कामाचा? मी अक्षरं शिकलो ती नातीच्या पाटीवर, साठी उलटल्यावर. म्हणून साहेबांनी त्या वाचून दाखवल्या आणि आम्ही बोटांवर मोजून पाठ केल्या. मिस्त्रींनी तर त्या उलट्याही म्हणून दाखवल्या, नऊपासून एकपर्यंत. दामले साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही कॉलेजात पाहिजे होता."

"कालेजात गेलो असतो तर तुमच्यावानी लापशी शिजवत बसलो असतो."

तिसऱ्या दिवशी काम धरलं. मेण मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं लावलं, दोन हात, मऊ फडक्यानं चोळून. साहेबांनी तिरका उजेड पाडून बघितलं आणि म्हणाले, "आरसा आहे." मग त्यांनी द्रव्य कालवलं, आम्ही टेबलाच्या बुडाला थापलं. आता घड्याळ चालू झालं. चाळीस मिनिटांत टेबल बेडवर बसलं पाहिजे, नाहीतर थर वरच घट्ट व्हायचा.

टेबल सुलटं करून चेनपुलीला टांगलं आणि तेवढ्यात माडीवरून अण्णांनी हाक दिली, "दामले, पुण्याचा फोन!"

"सावकाश उतरवा," साहेब जिन्याकडे पळता पळता म्हणाले. "आता फक्त खाली घ्यायचंय. आलोच मी."

साखळी माझ्या हातात होती. मी एकेक कडी सोडत होतो. टेबल वर गेलं होतं तसंच इंच-इंच खाली आलं, बेडपासून वीतभर राहिलं.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

मी थांबलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. टेबल बेडवर टेकण्याआधी सगळ्यात शेवटी मिस्त्री तळहात फिरवायचे. फडक्याचा धागा राहतो, तळहाताचा राहत नाही. रॉकेलच्या वाटीत बोटं बुडवायची आणि बेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात ओढत न्यायचा. कण असेल तर हाताला लागतो. त्या वेळी शॉपमध्ये कुणी बोलायचं नाही. मिस्त्रींचा हात बेडवर असला की हातोडे थांबत, अण्णासुद्धा जिन्यात थांबत. पहिल्या वर्षी मी एकदा खोकलो होतो. मिस्त्रींनी हात उचलला, पहिल्यापासून परत फिरवला आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्यांनी डाव्या हातानं फळीवरची रॉकेलची वाटी ओढली. न बघता. चाळीस वर्षं ती वाटी त्याच जागी होती. बोटं बुडवली आणि तळहात बेडवर ठेवला.

मी बघत होतो. हात सरकत चालला. मागं बेड ओला होत होता आणि मेणाची चकाकी उतरत होती. आधी ह्या बाजूची पट्टी, मग पलीकडची. त्यांनी डोळा मिटला होता, नेहमी मिटायचे तसा. चेहरा शांत. अर्धा मिनिट असेल, जास्त नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता. एकच, मेण.

मी बोललो नाही.

"सोड," मिस्त्री म्हणाले.

मी साखळी सोडली. टेबल खाली बसलं, कडेनं हिरवट काळी लापशी एकसारखी बाहेर आली. दामले साहेब धावत आले, खाली वाकून बघितलं आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रींनी हात फडक्याला पुसला. त्या रात्री घरी शालनच्या आईनं विचारलं, "लेकीची आठवण येत्या व्हय?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळं शॉप गोळा झालं. अण्णा नारळ घेऊन खाली आले होते. मी साखळी ओढली. साखळी ताणली, कुरकुरली आणि टेबल हललं. माणसं "हां हां" म्हणाली. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, बेड उचलला!"

टेबलाबरोबर खालचा सगळा बेडच ठोकळ्यांवरून बोटभर वर आला होता.

मी साखळी सैल सोडली. दामले साहेब पांढरे पडले. "मेण लावलं होतं. मी स्वतः बघितलंय," असं ते तीनदा म्हणाले. मग टेबलाच्या पुढं उघडा राहिलेला बेडचा भाग होता तिथं बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं.

"रॉकेल," ते म्हणाले. "अण्णा, मेण पुसलंय कुणीतरी."

कुणी कुणाकडे बघायची गरज नव्हती. शॉपमध्ये बेडला रॉकेलचा हात लावणारा एकच माणूस. मिस्त्री एकदम ताठ झाले. त्यांचा डावा हात फळीवरच्या वाटीकडे गेला, वाटीला लागला आणि तिथंच राहिला. मला तेव्हा दिसलं की त्यांना आत्ता कळलं. आदल्या दिवशीचा तो हात त्यांना आठवतसुद्धा नव्हता. नऊ पायऱ्या उलट्या म्हणणारा माणूस, आणि ही दहावी पायरी हातानं आपली आपण केली होती.

अण्णांनी नारळ खाली ठेवला. रागावले नव्हते अजून. मिस्त्री त्यांच्या वडलांच्या वेळेपासूनचा माणूस.

"मिस्त्री, एकच विचारतो. चुकून झालं का मुद्दाम?"

मिस्त्रींनी वाटी सोडली. दोन पावलं पुढं आले, चाचपून तळहात बेडवर ठेवला.

"मुद्दाम."

"काय?"

"मुद्दाम केलं म्हनलं. माझं काम खानारं औषध मी माझ्या हातानं लावू व्हय अण्णा? चाळीस वर्सं ह्या हातानं—"

मला राहवलं नाही. "अण्णा, मी सांगतो, ते—"

"सात्ताप्पा," मिस्त्री माझ्याकडे न वळता म्हणाले, "बेडवर हात हाय माझा."

मी गप्प झालो. सगळंच शॉप गप्प होतं. अण्णा म्हणाले, "पायताण घाला मिस्त्री. उद्यापासून येऊ नका." आणि नारळ तसाच ठेवून जिना चढून गेले.

मिस्त्रींनी वाटीतलं रॉकेल मोरीत ओतलं, वाटी फळीवर पालथी घातली आणि भिंतीला हात न लावता, सरळ, दारातून बाहेर पडले. ते दार कुठं आहे ते त्यांना पावलांवर पाठ होतं. मागं दोन-चार जण कुजबुजले, "म्हाताऱ्यानं शेवटी दाखवलंच." एकानं तर कौतुकानं मान हलवली.

ते टेबल सोडवायला पंधरा दिवस गेले. जॅक लावले, छिन्न्या मारल्या, शेवटी गॅसच्या जाळानं तापवून सोडवलं. तोवर टेबल वाकडं झालं होतं. नवीन ओतवून आणावं लागलं. दिवाळीच्या आधी दामले साहेब परत आले आणि अण्णा मला म्हणाले, "सात्ताप्पा, आता तूच. दुसरा कोण आहे?"

मी मेण लावलं, थर थापला. टेबल उतरत बेडपासून वीतभर राहिलं तेव्हा थांबलो. साखळी दुसऱ्याच्या हातात होती. माझा उजवा हात आपोआप फळीकडे निघाला. वाटी तिथंच पालथी होती. मी हात मागं घेतला, खांद्यावरचा पंचा काढला आणि जोडीदाराला म्हणालो, "माझं हात पाठीमागं बांध."

"काय?"

"बांध म्हनतो न्हवं."

दुसऱ्या दिवशी टेबल सुटलं. मी एका बोटानं ढकललं आणि ते बेडच्या टोकापर्यंत गेलं, आवाज न करता. मशीन ज्यांचं होतं त्यांच्या कारखान्यात परत गेलं, आणि वर्षांमागून वर्षं चाललं. पुढं तसली किती टेबलं मी उतरवली त्याला मोजदाद नाही.

मार्गशीर्षात मी मिरजेला गेलो. मिस्त्री लेकीच्या दारात बाजेवर बसले होते. लेकीनं, मुमताजनं, सांगितलं, "अब्बा, कोल्हापूरचं सात्ताप्पामामा आल्यात." त्यांनी माझा आवाज यायच्या आधीच हात पुढं केला. उरलेल्या डोळ्यानंही आता काही दिसत नव्हतं.

मी थराचा एक तुकडा नेला होता. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं चोळला, गालाला लावला.

"सुटलं व्हय?"

"सुटलं."

"टेबल उतरताना हात कुठं हुता तुजा?"

"पाठीमागं. पंच्यानं बांधून घेतला हुता."

ते इतके हसले की मुमताज पाणी घेऊन आली. ती आत गेली. दारात कुणाची तरी शेळी आली, त्यांनी हातानं हाकलली.

"मिस्त्री, मुद्दाम का म्हनलासा?"

"चुकून म्हनलं असतं तर अण्णांनी ठिवून घेतलं असतं. चांगला मानूस हाय. दाराशी खुर्ची टाकून दिली असती. म्हाताऱ्याचं डोळं गेलं, हात गेला, च्या पाजा त्याला." त्यांनी तुकडा बाजेवर ठेवला. "मुद्दाम केलं म्हनल्यावर मानसं शिव्या घालत्यात. पर हात गेला असं कोन म्हनत न्हाई."

मी मान हलवली. त्यांना ती दिसली नाही.

"तू बघितलंस न्हवं त्या दिशी? मेण पुसताना?"

"बघितलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"हात बेडवर हुता तुमचा."

"व्हय," ते म्हणाले. "शिकवण माझीच."

ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितो. त्या अर्ध्या मिनिटात मी फार थकलेला होतो. लेक उजवून आलो होतो, पाच रात्री झोप नव्हती. दोन वर्षं दुसऱ्या माणसाचे डोळे झालो होतो. हे औषध चाललं असतं तर मिस्त्री राहिले असते, बेड सरळ करायला डोळे लागणारच होते, आणि मी अजून पाच वर्षं तेच झालो असतो. साखळी हातात असताना मनात आलं की होऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, एकदा सुटू दे मला. एवढंच आलं. दुष्टावा नव्हता. पण आलं.

निघताना त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, तळव्यावरून बोटं फिरवली, जणू कण शोधतायत. "सरळ हाय," म्हणाले आणि सोडला.

आमच्या शॉपमध्ये आजही थर देऊन टेबल खाली येताना सगळी माणसं हात पाठीमागे घेऊन उभी राहतात. माझ्या हाताखाली शिकले त्यांनी पुढच्यांना तसंच शिकवलं. नव्या लोकांना वाटतं, देवाधर्माचं काही असेल. कुणी विचारलं तर सांगतात, पहिल्यापासून असंच आहे.

मिस्त्रींच्या मातीला अण्णा मिरजेला आले होते. परतताना गाडीत म्हणाले, "काम खाऊ दिलं नाही म्हाताऱ्यानं. पण हात होता, सात्ताप्पा." मी व्हय म्हणालो. अण्णा माणगावे दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वारले. बाबालाल मेहबूब शिकलगार त्याच्या कितीतरी आधी, एकोणीसशे पंच्याऐंशी साली, किंक्रांतीच्या दिवशी सकाळी, मिरजेत लेकीच्या घरी वारले.